आपलंच शहर पायाखाली घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरात पायी भटकण्याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे, पुढचे मुरलेल्यांचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जन्म इथेच गेला. आता या शहरात नव्याने बघण्यासारखं काय उरलंय?

एक कागद घ्या आणि घरापासून दहा मिनिटांच्या अंतरातला परिसर आठवणीतून काढा. रोजचा रस्ता ठसठशीत उतरेल. त्याला समांतर असलेली मागची गल्ली गायब असेल आणि जिकडे कधी वळलाच नाहीत, तिकडचा कागद कोरा राहील. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९५० च्या दशकात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असेच नकाशे काढून घेतले होते. शहर माणसाच्या डोक्यात पाच गोष्टींनी बसतं असं त्याने मांडलं: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणेच्या जागा. कडा म्हणजे नदी, रेल्वेचे रूळ, एखादी लांबलचक भिंत, ज्याच्या पलीकडे आपण सहसा जात नाही असं काहीही. तुमच्या कागदावरचा कोरा भाग बहुतेक अशाच एखाद्या कडेपलीकडे असतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा प्रकार.

२. मग पहिल्या दिवशी निघायचं कुठून?

घराच्या दारातून. पर्यटकांची ठिकाणं सध्या बाजूला ठेवा, ती कुठे पळून जात नाहीत. साधारण एक किलोमीटर लांब-रुंद एवढाच भाग घ्या आणि तो पुरता होईपर्यंत पुढे सरकू नका. कामामुळे वेगळा वेळ काढता येत नसेल तर नेहमीच्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरा आणि नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने घर गाठा.

३. किती अंतर झेपेल आणि किती वेळ लागेल?

निरोगी माणूस सपाट रस्त्यावर न थांबता ताशी साडेचार-पाच किलोमीटर चालतो. पण बघत, थांबत, मागे वळत चाललं की हाच वेग निम्म्यावर येतो. म्हणून दोन तासांसाठी चार-पाच किलोमीटर पुरे. चढ-उताराच्या शहरात विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम आजही कामाला येतो: दर १०० मीटर चढाला अंदाजे १० मिनिटं जास्त धरा. परतीला गाडी किंवा बस सहज मिळेल अशा जागी फेरी संपवावी. पाय थकल्यावर मुकाट आलेल्या रस्त्याने परत जाणं कोणाला आवडत नाही.

४. दिवसाला दहा हजार पावलं व्हायलाच हवीत ना?

नाही. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं ठेवलं. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सांगते. भरभर चालणं त्यात मोजलं जातं, पण दर पाच पावलांवर थांबून छज्जे न्याहाळणं धरता येईल का, याची मला शंका आहे. व्यायाम आणि भटकंती वेगवेगळ्या ठेवा. पावलं मोजत निघालेला माणूस थांबायला कचरतो, आणि न थांबता शहर दिसत नाही.

५. खास बूट वगैरे घ्यावे लागतात का?

पायात मुरलेले कुठलेही बूट चालतात. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नेमके बसलेले बूट संध्याकाळी चावतात. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. पाणी, छोटी वही, चार्ज केलेला फोन. बाकी ओझं कशाला?

६. उन्हात फिरणं जमत नाही. कोणती वेळ बरी?

सकाळ, हे उघड आहे. पण सावलीचा हिशेब माहीत असेल तर दिवसाच्या बाकीच्या वेळाही हाती येतात. दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या फुटपाथवर इमारतींची सावली असते आणि दुपार कलल्यावर ती पश्चिमेकडच्या फुटपाथवर येते. पूर्व-पश्चिम रस्त्यांवर हे गणित तुमचं शहर कोणत्या अक्षांशावर आहे आणि कोणता महिना चालू आहे यावर ठरतं, त्यामुळे एकदा बघून ठेवा. डांबर आणि दगडी भिंती दिवसभर पिलेली उष्णता सूर्यास्तानंतरही सोडत राहतात. म्हणून उन्हाळ्यात सायंकाळपेक्षा पहाटच गार.

पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास वाया घालवू नका. पाणी कुठून कुठे वाहतं आणि कुठे साचतं हे तेव्हा दिसतं, आणि एरवी सपाट वाटणाऱ्या रस्त्याचा उतार कळतो. याचा उपयोग प्रश्न ८ मध्ये आहे.

७. चालताना नेमकं बघायचं काय? मला तर सगळीकडे दुकानंच दिसतात.

कारण नजर तळमजल्यावर आहे. पाट्या, काचा, रंग हे सगळं दर काही वर्षांनी बदलतं. पहिल्या मजल्याच्या वर मात्र खर्च करायला कोणी जात नाही, त्यामुळे जुनी इमारत तिथे शाबूत असते. समोरच्या फुटपाथवर जा आणि मान वर करा. गोलाकार कोपरे, खिडक्यांवरून सलग गेलेले आडवे छज्जे, नागमोडी नक्षी दिसली तर ती बहुधा १९२० ते १९४० च्या काळातली आर्ट डेको शैली. हे नाव १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून रूढ झालं. भिंती फूटभर जाड आणि खिडक्या अरुंद असतील तर इमारतीचा भार भिंतींवर आहे. रुंद खिडक्या कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील तर भार काँक्रीटच्या किंवा लोखंडी सांगाड्यावर आहे.

मग खाली बघा. जुन्या घरात शिरताना दोन पायऱ्या खाली उतरावं लागत असेल तर घर खचलेलं नसतं, रस्ता वर आलेला असतो. थरावर थर देऊन तो इतका चढतो की जोतं गिळून टाकतो. गल्लीच्या कोपऱ्यावर रोवलेला बुटका दगड असेल तर तो वळणाऱ्या गाडीच्या चाकापासून भिंत वाचवण्यासाठी आहे. चेंबरच्या झाकणांवरची अक्षरं वाचा, कधी बंद पडलेल्या ओतशाळेचं नाव असतं, कधी आता अस्तित्वात नसलेल्या नगरपालिकेचं. जुन्या दगडी इमारतीच्या जोत्यावर आडवी रेघ आणि तिच्याकडे टोक केलेला बाण कोरलेला दिसला, तर ती ब्रिटिश पद्धतीच्या भूमापनाची खूण. त्या रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून नोंदवलेली असते.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे पाडलेल्या घराची शेजारच्या भिंतीवर उरलेली छाप. घर जातं, पण शेजाऱ्याला चिकटलेली त्याची कातडी राहते. छपराची तिरकी रेघ, तुळया घुसवलेली चौकोनी भोकं, जिना होता तिथली वर चढत गेलेली पायऱ्यांची नक्षी, एका मजल्याला निळा चुना, वरच्याला पिवळा, मधेच एक कोनाडा आणि त्याच्या कडेला काजळीचा डाग. कोणती खोली स्वयंपाकाची होती हे सुद्धा सांगता येतं. अशी भिंत दिसली की लगेच फोटो काढा, नवं बांधकाम उभं राहिलं की ती कायमची झाकली जाते.

८. बाकीचे रस्ते सरळ आणि एकच रस्ता वेडावाकडा. असं का?

सरळ रस्त्यांच्या जाळीत एकच रस्ता वळसे घेत जात असेल तर तो बहुधा जाळीपेक्षा जुना आहे. तो कशाच्या तरी कडेने जात होता: ओढा, तटबंदी, शेताचा बांध, रेल्वे. ती गोष्ट गेली, वळण राहिलं.

तटबंदीचं ठळक उदाहरण व्हिएन्नाचं. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने जुने तट पाडायचा हुकूम काढला आणि त्यांच्या जागी रुंद रिंगस्ट्रासे आली. जुन्या गाभ्याभोवतीचा तो रस्ता चालत गेलं की एकेकाळच्या शहराची वेसच चालून होते. तुमच्या शहरात मधल्या दाट भागाभोवती असा अर्धवर्तुळाकार रस्ता असेल तर तिथे जुने दरवाजे कुठे होते ते शोधा.

ओढ्याची लक्षणं वेगळी. दोन्ही बाजूंचे रस्ते एकाच रेषेकडे उतरतात, पहिल्या पावसात तिथेच पाणी तुंबतं, भोवतालची गल्ली ‘पूल’ किंवा ‘घाट’ असं काहीतरी नाव लावते आणि पूल मात्र कुठे दिसत नाही. लंडनमधली फ्लीट नदी अशीच रस्त्यांखाली गेली आहे. क्लार्कनवेल भागात रस्त्यातल्या एका जाळीपाशी थांबलं की खालचं पाणी ऐकू येतं. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात उलटं घडलं. चंग्येचन हा ओढा झाकून त्यावर उन्नत महामार्ग बांधला होता. २००३ ते २००५ या काळात तो महामार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला गेला. आता लोक त्याच्या काठाने चालतात.

जाळीला कान लावा, झाकण मात्र कधीही उचलू नका. बंद गटारातले वायू माणूस मारतात.

९. नकाशा बघत चालावं की मुद्दाम रस्ता चुकावं?

दोन्ही, पण एकाच वेळी नाही. १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये गी दबोर हा फ्रेंच लेखक आणि त्याच्या साथीदारांनी ठरवून दिशाहीन भटकण्याची रीतच घातली होती: कामाधंद्याची कारणं सोडायची आणि रस्ता ओढेल तिकडे जायचं. ऐकायला सोपं आहे, करायला गेलं की पाय आपोआप ओळखीच्या वळणावर जातात. त्यावर उपाय म्हणून साधा नियम लावा. प्रत्येक चौकात नाणं उडवा, किंवा एकदा डावं एकदा उजवं असं वळा.

मी आधी नकाशाशिवाय फिरतो आणि घरी आल्यावर नकाशा उघडतो. मग प्रश्न पडलेले असतात आणि नकाशा त्यांची उत्तरं देतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनीच भरलेला नकाशा यासाठी चांगला. त्यात पायवाटा, जिने, बोळ बऱ्याचदा सापडतात आणि काही राहिलं असेल तर तुम्ही भरू शकता. उंच इमारतींच्या अरुंद रस्त्यात फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, कारण उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात. तेव्हा ठिपक्यापेक्षा चौकातल्या पाटीवर विश्वास ठेवा.

१०. मी एकटी फिरते. लोक टक लावून बघतात, कोणी विचारतं, “कुणाकडे आलात?” काय सांगू?

खरं तेच सांगा: “जुनी घरं बघतेय.” हे उत्तर बहुतेक वेळा चालतं, आणि विचारणारा माणूस पुष्कळदा स्वतःच पुढे होऊन काहीतरी दाखवतो. वही हातात असली की भटकणं ‘काम’ दिसतं आणि प्रश्न कमी होतात.

रस्ता निवडताना जेन जेकब्झ या शहर-अभ्यासक बाईंचा मुद्दा लक्षात ठेवा: वेगवेगळ्या कारणांनी दिवसभर माणसं येत-जात असतात आणि ज्याच्याकडे खिडक्या-दुकानं तोंड करून असतात, तो रस्ता आपोआप राखला जातो. लांब कुंपणं, बंद गोदामं, सुट्टीच्या दिवशीचा कार्यालयांचा भाग याच्या अगदी उलट. अशा भागात कामाच्या दिवशी दिवसाउजेडी जा. जागा बरी वाटली नाही तर कारण शोधत बसू नका, मागे फिरा.

सोबत हवी असेल तर जेकब्झ यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरोंटोत सुरू झालेल्या ‘जेन्स वॉक’ या फेऱ्या मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी अनेक शहरांत निघतात. त्या फुकट असतात आणि रहिवासीच त्या नेतात. तुमच्या शहरात निघत नसेल तर तुम्ही काढा.

११. सोबत लहान मुलं असतात, कधी आजोबा, कधी व्हीलचेअर. काय बदलावं लागेल?

मुलांना पुढे चालू द्या आणि वळायचं कुठे ते त्यांना ठरवू द्या. प्राणी शोधायला सांगा: कठड्यांवर, कमानींवर, दारांच्या कड्यांवर सिंह, हत्ती, मासे असे बरेच असतात. प्रश्न ३ मधलं अंतर अर्धं करा.

वयस्कर माणसांसोबत बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहं आधी हेरून ठेवा. सिग्नलची वेळ अनेक ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठरते, म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. हळू चालणाऱ्याला तेवढे पुरत नाहीत. हिरवा दिवा आधीपासून लागलेला असेल तर तो जाऊ द्या, पुढचा लागताक्षणी निघा.

व्हीलचेअरच्या उताराचं नेहमीचं प्रमाण १ ला १२ असतं: १० सेंटिमीटर उंचीसाठी १२० सेंटिमीटर लांब उतार. यापेक्षा उभा उतार एकट्याने चढणं कठीण. एकदा कोणीतरी रिकाम्या हाताने जाऊन रस्ता बघून यावा. नकाशावर उतार आहे की नाही कळतं, त्याच्या तोंडाशी दुचाकी लावलेली असते हे कळत नाही.

१२. आमच्याकडे फुटपाथच नाहीत. मग?

समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला. वाहनं डावीकडून चालतात अशा देशात ही बाजू उजवी. एकामागे एक चाला, कानात काही घालू नका, अंधार पडल्यावर फिकट कपडे. आंधळ्या वळणावर तुमची बाजू आतल्या अंगाला येत असेल तर वळणाच्या बरंच आधी बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपल्यावर परत या.

१३. फोटो काढताना कोणी हटकलं तर?

आधी कॅमेरा खाली करा, मग बोला. सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला अनेक देशांत हरकत नसते, पण लष्करी जागा, विमानतळ, धरणं अशा ठिकाणी बंदी असू शकते आणि तिथे वाद घालण्यात शहाणपण नाही. फोटो विकायचा असेल तर नियम आणखी बदलतात: आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कोणीही वापरावा, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे आणि तिच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. माणसांचे, विशेषतः मुलांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कायदा काहीही म्हणो.

१४. गल्ली खासगी आहे की सार्वजनिक, कसं ओळखायचं?

फरसबंदी एकदम बदलते, पालिकेच्या पाटीऐवजी वेगळ्या धाटणीची पाटी येते, दिव्याचे खांब निराळे होतात. उघडं फाटक म्हणजे आमंत्रण नव्हे. विचारून आत जा, “एक मिनिट बघून येऊ का?” याला नकार क्वचितच मिळतो. काही ठिकाणी उलटही असतं. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमांपासून बिल्डरांना जास्तीच्या बांधकामाच्या बदल्यात लोकांसाठी मोकळ्या जागा ठेवाव्या लागल्या, आणि त्यातल्या काही जागा दिसायला अगदी खासगी वाटतात.

१५. आमचं शहर वीस-तीस वर्षांचं. इथे जुनं काही नाहीच.

इमारती नव्या, जमीन नवी नाही. गावठाणाचा तुकडा, सर्व्हे नंबरांच्या तिरक्या हद्दी, मोठमोठ्या झाडांची ओळ, रस्त्यांपेक्षा जुनी गल्ल्यांची नावं हे बुलडोझरमधून सुटतं. एखाद्या सोसायटीचं कुंपण विनाकारण तिरकं गेलं असेल तर तिथे शेताचा बांध होता का ते बघा.

आणि नव्या शहरात एक गोष्ट जुन्यापेक्षा चांगली दिसते: आखणी करणाऱ्याचं आणि चालणाऱ्याचं भांडण. हिरवळीवरून कर्णरेषेत तुडवलेली पायवाट, दुभाजकाच्या जाळीला पाडलेलं भगदाड, भिंतीलगत रचलेल्या दोन विटांची पायरी. लोकांना खरं कुठे जायचंय हे त्यातून कळतं. अशा वाटा नकाशावर नसतात, त्या तुम्हीच नोंदवा.

१६. मला शहरातला प्रत्येक रस्ता चालायचा आहे. एकही रस्ता दोनदा न चालता जमेल का?

जवळजवळ खात्रीने नाही, आणि याचं उत्तर १७३० च्या दशकापासून माहीत आहे. क्योनिग्सबर्ग (आजचं कालिनिनग्राड) शहरात सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी होईल का, हा तिथला जुना प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने ती होणार नाही हे सिद्ध केलं. युक्तिवाद सोपा आहे. चौकात तुम्ही एका रस्त्याने येता, दुसऱ्याने जाता. रस्ते जोडीजोडीने संपतात. ज्या ठिकाणी विषम संख्येने रस्ते मिळतात तिथे एक उरतो, म्हणून असं ठिकाण फक्त फेरीची सुरुवात किंवा शेवट होऊ शकतं. अशी ठिकाणं दोनपेक्षा जास्त असली की खेळ संपला. तिठ्याला तीन रस्ते, बंद गल्लीच्या टोकाला एक. दोन्ही विषम, आणि शहरं त्यांनीच भरलेली आहेत.

मग कमीत कमी पुनरावृत्ती कशी करायची? १९६० मध्ये ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने पोस्टमनच्या फेरीच्या रूपात हा प्रश्न मांडला: विषम ठिकाणांच्या अशा जोड्या लावा की त्यांना जोडणारं, दुसऱ्यांदा चालावं लागणारं अंतर सगळ्यात कमी होईल. घरच्या घरी हे छोट्या भागासाठी पेन्सिलीने जमतं. बंद गल्ल्या दोनदा येणारच, त्या गृहीत धरा.

सुरू करण्यापूर्वी ‘रस्ता’ कशाला म्हणायचं ते ठरवा: जिने धरायचे का, खासगी गल्ल्या (प्रश्न १४), पादचाऱ्यांना बंदी असलेले उड्डाणपूल? छापील नकाशावर रंगीत पेनाने झालेले रस्ते रंगवा, बाजूला तारीख आणि एक ओळ लिहा. ज्या रस्त्याबद्दल एक ओळही सुचली नाही तो रंगवू नका, असा नियम मी सुचवेन. नाहीतर नकाशा भरतो आणि डोकं रिकामं राहतं.

१७. इथून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणतात. अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचा का?

ऐकायच्या जरूर, वहीत ‘ऐकीव’ असं लिहून. एकही जुनं शहर या भुयाराशिवाय नसतं, आणि त्यातून नेहमी कोणीतरी घोड्यावरून गेलेलं असतं. भुयार दाखवलं की साधे प्रश्न विचारा. खोदलेली माती कुठे गेली? हवा कुठून येत होती? मधे नदी असेल तर ती कशी ओलांडली? बहुतेक वेळा ते तोंड तळघराचं, जुन्या गटाराचं किंवा पाणी आणणाऱ्या नळाचं निघतं. जुनी पाणीयोजना ही भुयारापेक्षा जास्त रंजक असते, पण तिच्यात घोडा नसतो.

तारखांचीही हीच गत. कोनशिला बांधकामाच्या आरंभी बसते, इमारत पुरी व्हायला पुढे वर्षं लागू शकतात. दारावरचं साल कधी दुरुस्तीचं असतं, कधी संस्था स्थापन झाल्याचं. पडताळायचं असेल तर वेगवेगळ्या काळातले भूमापनाचे नकाशे शेजारी ठेवा: इमारत एकात नाही आणि पुढच्यात आहे, म्हणजे ती मधल्या काळातली. पालिकेचं दप्तर, जुनी गॅझेटियर, जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. ग्रंथपालाला रस्त्याचं नाव सांगताना आजचं सांगू नका, त्या काळातलं सांगा. ते ठाऊक नसेल तर आधी तेच विचारा.